आधी आमचं बघा!

कुंभकोणमहून दक्षिणेला अरसलार नदी ओलांडून मन्नारगुडीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर साक्कोट्टै येतं. इथल्या अमृतकलशनाथाच्या देवळाची कथा सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजं आणि अमृत एका कुंभात भरून तो पाण्यावर सोडून दिला. कुंभ तरंगत या भागात आला. शंकराने शिकाऱ्याचं रूप घेऊन त्याला नेम धरून बाण मारला आणि अमृत सांडलं. कुंभावरचा नारळ एकीकडे पडला, जानवं दुसरीकडे, बेलाचं पान तिसरीकडे, शिंकं चौथीकडे आणि कलश साक्कोट्टैला. जे जिथे पडलं तिथे त्याचं देऊळ झालं. दुर्घटनेचा इतका चोख पंचनामा नंतर क्वचितच झाला असेल. बाण कोणी मारला ते ठाऊक, कोणती वस्तू कुठे सापडली ते ठाऊक, आणि जखमी कोणीच नाही.

आज त्याच रस्त्यावर एखादी मोटारसायकल घसरली तर यातलं काहीही धड कळत नाही. मागे कोण बसलं होतं, हेल्मेट होतं की हँडलला लटकत होतं, पडलेला किती वेळ बेशुद्ध होता, या प्रत्येक प्रश्नाला जमलेल्या वीस माणसांकडून बावीस उत्तरं मिळतात. तमिळनाडूत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ च्या सप्टेंबरपासून धावते आहे. फोन उचलणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठे?’ आणि घाबरलेला माणूस पहिलं उत्तर देतो, ‘देवळाजवळ.’ कुंभकोणमच्या परिसरात ‘देवळाजवळ’ हा पत्ता म्हणजे सदाशिव पेठेत ‘जोश्यांच्या शेजारी’. तरीही गाडी पोचते, जखमीला उचलते आणि एका दारापाशी आणून सोडते. त्या दाराच्या आत जो डॉक्टर उभा असतो, त्याची ही गोष्ट.

मराठी वाचकाला साक्कोट्टै लांबचं वाटेल, पण हा रस्ता तसा घरचाच आहे. तो पुढे नीडामंगलमला जातो आणि तिथे तंजावरच्या भोसल्यांचं, यमुनांबाळ राणीच्या नावाचं छत्र होतं. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी राण्यांच्या नावांनी छत्रं बांधायची ही त्या घराण्याची रीत. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजीराजांनी बाकीचं कसंबसं सोसलं, पण छत्रं आपल्या हातून जाऊ नयेत म्हणून १८०१ मध्ये तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिलं. छत्रात काय काय चालतं याचं तपशीलवार वर्णन त्यात आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला जेवण. वाढप मध्यरात्रीपर्यंत, आणि मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिलं असेल तर त्याला हाक. प्रत्येक छत्रात रोग, सूज आणि विषारी प्राण्यांचा दंश यांवर उपचार जाणणारा वैद्य. वाटेत आजारी पडलेल्याला बरं होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न, तेही आदराने. गरोदर स्त्री तिथेच बाळंत झाली तर सगळा खर्च छत्राचा, आणि तीन महिने राहायची मुभा.

या पत्रातून वैद्याच्या नोकरीची जाहिरात काढायची तर ती अशी होईल. पाहिजे: कोणताही रोग, कसलीही सूज, कुठल्याही सापाचं विष आणि ऐनवेळचं बाळंतपण सांभाळणारा इसम. रुग्ण कोण, कुठला, हे विचारायचं नाही. सगळ्यांशी गोड बोलायचं. आज अत्यवस्थ विभागात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘कॅज्युअल्टी’त, डॉक्टर नेमताना जाहिरात हीच असते. दोनशे वर्षांत ‘संगणकाचं ज्ञान आवश्यक’ एवढीच काय ती भर पडली आहे. आणि घंटा तेवढी बंद झाली. मध्यरात्री कॅज्युअल्टीत कोणाला बोलावून आणावं लागत नाही.

गंमत म्हणजे सरफोजीराजे हे पत्र लिहीत होते त्याच काळात तिकडे युरोपात नेपोलियनचा शल्यचिकित्सक दोमिनिक लारे रणांगणावर घोड्यांच्या हलक्या गाड्या पळवून जखमींना उचलत होता. त्याचा नियम असा की ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी हात लावायचा. तो सेनापती आहे की शिपाई, आपला आहे की शत्रूचा, हे नंतर. पुढे या निवडीला ‘ट्रायाज’ नाव मिळालं आणि जगभरच्या अत्यवस्थ विभागांचा तो पाया झाला. तंजावरचा राजा आणि फ्रेंच सर्जन यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण दोघं एकाच गोष्टीवर ठाम होते: दारात हुद्दा बघायचा नाही. नियम साधा आहे. फक्त दारात उभ्या असलेल्या माणसांना तो अजून मान्य झालेला नाही.

तमिळनाडू सरकारने २०१७ मध्ये अपघात आणि तातडीच्या उपचारांसाठी वेगळी योजना आखली. त्यात रुग्ण आला की त्याची लाल, पिवळ्या किंवा हिरव्या गटात वाटणी करतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळाने, हिरवा म्हणजे थांबलात तरी जिवाला धोका नाही. वैद्यकीय दृष्टीने हिरवा रंग ही आनंदाची बातमी आहे. पण हिरव्या गटात टाकलेला माणूस आणि त्याच्याबरोबरचे अकरा जण यांना तो आपल्या आजाराचा धडधडीत अपमान वाटतो. ‘म्हणजे याचं दुखणं खोटं का?’ इथून सुरुवात होते. मग संवाद ठरलेल्या रुळावरून जातो. पुणं असो की सोलापूर, त्यात फार फरक नसतो.

‘डॉक्टर, आम्ही अर्धा तास झाला आलोय. तो माणूस आत्ता आला आणि त्याला सरळ आत घेतलंत!’

‘काका, त्यांचा श्वास थांबत आलाय.’

‘हो, पण नंबर आमचा आधी होता ना?’

याला उत्तर नाही. बँकेपासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळीकडे रांगेचा कायदा आयुष्यभर पाळलेला, किंवा मोडताना तरी ओळखलेला माणूस पहिल्यांदाच अशा जागी आलेला असतो, जिथे मागून आलेल्याला पुढे घेणं हाच कायदा आहे. शिवाय अंगठ्याला तीन टाके पडणार असलेल्या माणसाला स्वतःचा अंगठा दिसतो. पडद्यापलीकडची मेंदूतली गुठळी दिसत नाही.

रांग मोडायचा रामबाण उपाय म्हणजे फोन. ‘साहेबांशी बोला’ असं म्हणत एक मोबाइल डॉक्टरच्या कानाशी येतो. साहेब नगरसेवक असतात, कधी आमदारांचे स्वीय सहायक, कधी नुसतेच साहेब. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. म्हणजे सेकंदाला जवळपास दोनदा. ते करत असलेल्या डॉक्टरचे दोन्ही हात गुंतलेले, श्वास फुललेला आणि कानाला मोबाइल. पलीकडून साहेब विचारतात, ‘डॉक्टर, पेशंटकडे लक्ष आहे ना?’

लक्ष आहे. हात कोणाचे आहेत ते विचारू नये.

या डॉक्टरचं निम्मं काम हाताचं असतं आणि निम्मं कानाचं. आजाराची हकिकत काढून घेणं हे त्यातलं जास्त कठीण. ‘कधीपासून दुखतंय?’ या प्रश्नाला ‘तसा तो लहानपणापासूनच नाजूक’ असं उत्तर येतं. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ याला ‘एक छोटी पांढरी गोळी आणि एक गुलाबी, अर्धी’ असं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, रक्त पातळ करायचं औषध आणि ॲसिडिटी या सगळ्यांवर कंपन्यांनी छोटी पांढरी गोळी काढून ठेवली आहे, हे सांगायला डॉक्टरकडे वेळ नसतो. बरोबर आणलेल्या पिशवीत वीस वर्षांपूर्वीची अपेंडिक्सची फाइल असते, मुलीच्या लसीकरणाचं कार्ड असतं, एक लाइट बिलही निघतं. मागच्या महिन्यातला ईसीजी मात्र घरी, टीव्हीखालच्या खणात.

आणि मग गॅस. महाराष्ट्रात छातीतल्या कोणत्याही दुखण्याचं निदान आधी घरात होतं आणि ते गॅस असं असतं. जिरं, ओवा, सोडा, हिंगाचा लेप आणि शेजारच्या मेडिकलवाल्याची गुलाबी बाटली अशा सगळ्या तपासण्या झाल्यावर रुग्ण कॅज्युअल्टीत येतो. हे निदान दरवेळी चुकत नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की पोटाच्या वर जळजळतं, मळमळतं. मधुमेह असेल तर कधी कधी दुखतही नाही, नुसता दरदरून घाम येतो. त्यामुळे छातीत किंवा छातीच्या आसपास काहीही होत असेल तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढावा, असा सगळीकडचा दंडक आहे. ईसीजीच्या वायरी लावताना रुग्ण समजावत असतो, ‘अहो, एवढं नको, साधा गॅस आहे.’ पट्टीवर झटका उमटला की तेच नातेवाईक विचारतात, ‘इतका वेळ काय करत होतात?’ आणि पट्टी निर्दोष निघाली तर म्हणतात, ‘बघा, उगाच पैसे घेतले.’

कावेरीच्या खोऱ्यात, जिथे साक्कोट्टैच्या चहूबाजूंनी भातशेती आहे, तिथे गॅसच्या जोडीला साप असतो. तो तसा कोकणातही असतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. म्हणजे वर्षाला साधारण अठ्ठावन्न हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं. त्यासाठी लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळ इरुला समाजाची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था साप पकडून पुरवते. औषध एकच असल्याने कोणता साप चावला यावर डॉक्टरचं फारसं अडत नाही. पण लोक साप आणतात. मेलेला आणतात, अर्धमेला आणतात, पोत्यात आणतात, प्लॅस्टिकच्या बरणीत आणतात. बरणी टेबलावर ठेवून म्हणतात, ‘हाच.’ बरणी हलते. अशा वेळी पूर्ण विभागात शांतपणे उभं राहण्याचा पगार मिळणारा माणूस एकच असतो.

मग त्याहून अवघड काम येतं, ते म्हणजे काहीही न करणं. घोणस चावली की रक्त गोठत नाही. ते ओळखायची सोपी चाचणी अशी: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून बघायची. गोठलं तर बरं, वाहिलं तर प्रतिविष सुरू. तपासणीला ना यंत्र लागतं ना वीज. लागतात फक्त वीस मिनिटं, आणि तीच नातेवाइकांजवळ नसतात. त्यांना दिसतं एवढंच की माणूस सापाने चावलेला आहे आणि डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे आणि एका नळीकडे आळीपाळीने बघत उभा आहे. ‘नुसता बघत बसलाय’ ही तक्रार इथे अक्षरशः खरी असते.

हा विषय निघाला की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना वगळून पुढे जाता येत नाही. सत्तरच्या दशकात कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला लागले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, विशेषतः मुलं, रात्रीत हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात. उपचार काय, हे पुस्तकात नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यांचं निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा त्यांनी उपयोग करून दाखवला आणि चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळात भारतात ‘तातडीचं वैद्यक’ नावाची शाखाच नव्हती. ते करत होते ते मात्र तेच होतं, आणि मांत्रिकाकडून रुग्ण आपल्याकडे पोचेपर्यंत किती वेळ गेला हे मोजण्यापासून त्याची सुरुवात होती.

ही शाखा तशी सगळीकडेच उशिरा आली. डोळ्याला, कातडीला, नाक-कान-घशाला डॉक्टर होते, दाराला नव्हता. दारात उभं करायचे ते नवशिक्या इंटर्नला किंवा ज्याच्यावर कोणीतरी रागावलं असेल त्याला. १९६१ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपापले दवाखाने बंद करून रुग्णालयाचा अत्यवस्थ विभाग पूर्णवेळ चालवायला घेतला. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात याचं पहिलं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. भारतात मेडिकल कौन्सिलने स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये. २०२० च्या नियमांत नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना हा विभाग सक्तीचा झाला आणि २०२३ च्या नियमांत सक्तीच्या यादीतून तो गळाला. दार हवं, पण दाराचा विभाग कशाला, असा काहीसा सरकारी विचार असावा.

त्यामुळे या डॉक्टरांची खरी पंचाईत रुग्णालयात होत नाही, लग्नकार्यात होते.

‘कशाचे डॉक्टर?’

‘इमर्जन्सी मेडिसिन.’

‘ते झालं हो. पण स्पेशलायझेशन कशात?’

‘त्यातच.’

‘अच्छा. म्हणजे अजून ठरलं नाही.’

ठरवून करायच्या लग्नात तर स्थळ सुचवणाऱ्या मावशी हा तपशील खाली ढकलतात. ‘एमडी आहे’ असं सांगून थांबतात आणि विषय फ्लॅटवर नेतात. मुलगी इमर्जन्सीची डॉक्टर असेल तर ‘रात्रीची पण असते का ड्यूटी?’ हा प्रश्न ठरलेला. झटका रात्री अडीचला येतो आणि अडीचला कोणीतरी जागं असावंच लागतं, हे सगळ्यांना पटतं. ते जागं राहणारं कोणीतरी आपल्या घरातलं नसावं, एवढंच.

रुग्णालयाच्या आतही त्याला घर नसतं. त्याच्याकडे खाटा असतात पण वॉर्ड नसतो. रुग्ण स्थिर झाला की कोणाच्या तरी स्वाधीन करायचा, आणि इथून फोनाफोनी सुरू होते. ऐंशी वर्षांच्या आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं, साखर चारशे, ईसीजीत गडबड. हाडांचे डॉक्टर म्हणतात, आधी हृदयाचं बघून घ्या. हृदयाचे म्हणतात, साखर आणा जागेवर. मेडिसिनवाले म्हणतात, हाड मोडलंय म्हणजे हाडांकडेच दाखल करायला हवं ना? तिघंही शास्त्राला धरून बोलतात. आजी कॅज्युअल्टीतल्या स्ट्रेचरवर सहा तास पडून शेजारच्या खाटेवरच्या पोराला विचारत असतात, ‘काय रे बाळा, तुला कोणी घेतलं का?’ शेवटी त्यांना जागा मिळवून देतात त्या रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टर. त्या कोणालाही फोन करत नाहीत. वॉर्डातल्या मामांना हाक मारतात आणि स्ट्रेचर वर नेऊन ठेवतात.

कागद हा आणखी एक रुग्ण. अपघात, मारामारी, विष, भाजणं, सगळ्याला ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद. पूर्वी या नोंदीच्या भीतीने रुग्णालयं जखमींना दारातूनच परत पाठवत. स्कूटरवरून जाताना गाडीने ठोकरलेल्या एका माणसाला अशीच वीस किलोमीटर लांबच्या, पोलिसी केस घेणाऱ्या रुग्णालयाची वाट दाखवली गेली आणि तो वाटेतच गेला. त्याची बातमी वाचून पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी जीव, मग कागद, हे बंधन सगळ्या डॉक्टरांवर आहे, असं न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं. जखमीला उचलून आणणाऱ्याचं संरक्षण कायद्यात लिहायला मात्र २०१९ ची मोटार वाहन कायद्याची दुरुस्ती उजाडावी लागली. तमिळनाडूने २०२१ च्या डिसेंबरपासून रस्ते अपघातातल्या जखमीचा पहिल्या ४८ तासांचा एक लाख रुपयांपर्यंतचा खर्चही उचलायला घेतला. त्याची गरज होती. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि अपघातांच्या संख्येत तमिळनाडू पहिला होता. मेलेल्यांत दर शंभरात जवळपास पंचेचाळीस दुचाकीवरचे. हेल्मेट हँडलला लटकवणाऱ्यांची गाठ या डॉक्टरांशी पडते, आणि ‘आता पुन्हा घालशील ना?’ या प्रश्नाला ‘घालत होतो हो, आज नेमकं...’ हे उत्तर त्यांना तमिळ, मराठी दोन्ही भाषांत पाठ असतं.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्या घेऊन, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवून. हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेदाचे वा युनानीचे पदवीधर. इमर्जन्सीचं प्रशिक्षण घेऊन ते घाटातल्या वळणावर, जीपच्या दिव्यांच्या उजेडात सलाईन लावतात आणि गाडीतच बाळंतपणं करतात. सरफोजीराजांच्या पत्रातली सूज, विष आणि बाळंतपण ही तिन्ही कलमं हल्ली ताशी ऐंशीच्या वेगाने पार पडतात.

कुंभकोणमला दोन तारखा अशा आहेत की तिथे चेष्टा थांबते. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी महामहम तलावावर, दर बारा वर्षांनी येणाऱ्या स्नानाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन जवळपास पन्नास माणसं गेली. १६ जुलै २००४ रोजी शहरातल्या एका शाळेच्या झावळ्यांच्या छपराला आग लागली आणि ९४ मुलं गेली. एकाच वेळी दारात शंभर जखमी आले तर कोणाला आधी उचलायचं, कोणत्या दाराने आत घ्यायचं, बाहेरचा जिना मोकळा आहे का, हे असे प्रश्न इमर्जन्सीचे डॉक्टर बैठकीत पुन्हा पुन्हा काढतात. व्यवस्थापनाला ती किरकिर वाटते. पुढचं महामहम २०२८ मध्ये आहे.

डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीचं प्रकरण आता इतकं नेहमीचं झालं आहे की त्यावर कायदेही जुने झाले. महाराष्ट्राचा २०१० चा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाचा. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाल्यावर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. त्यानंतर अनेक विभागांच्या दारावर कायद्याचं कलम आणि शिक्षा छापलेली मोठी पाटी आली. तिच्याखाली नातेवाइकांसाठीच्या खुर्च्या असल्याने ती टेकलेल्या डोक्यांनी निम्मी झाकलेली असते. उरलेल्या निम्म्यावर कोणीतरी लग्नाचा हॉल भाड्याने मिळेल अशी चिठ्ठी चिकटवून जातं.

इतकं होऊन ही मंडळी अंधश्रद्धाळू असतात, हे मात्र गमतीचं. ‘आज जरा शांत आहे’ हे वाक्य कॅज्युअल्टीत उच्चारायचं नाही, हा दंडक मुंबईपासून मँचेस्टरपर्यंत सारखा आहे. नवा इंटर्न ते बोलला की सिस्टर त्याच्याकडे अशा नजरेने बघतात की जणू त्याने कोणाच्या तरी मृत्युपत्रावर सही केली असावी. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात तर याची रीतसर चाचणी झाली: काही दिवस मुद्दाम ‘आज शांत दिवस आहे’ म्हणायचं, काही दिवस नाही. काम वाढलं नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात छापून आला. पौर्णिमेलाही अमेरिकेत असंच मोजलं गेलं, चार वर्षांतल्या सुमारे दीड लाख रुग्णांवरून, आणि पौर्णिमेला गर्दी वाढत नाही असं ठरलं. दोन्ही निष्कर्ष या डॉक्टरांना माहीत असतात. तरी रात्री दोन वाजता विभाग रिकामा असला तर ते एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. कॉफी मागवतात. कुंभकोणमची डिग्री कॉफी पितळी वाटी-पेल्यात वाफाळत येते, गाळलेली, घट्ट दुधाची. ती टेबलावर ठेवली की बाहेर सायरन वाजतो. यावर अजून कोणी संशोधन केलेलं नाही, कारण ज्यांनी करायचं त्यांची कॉफी दर वेळी थंड झालेली असते.

पहाटे आणलेला झटक्याचा रुग्ण दोन दिवसांनी चालत घरी जातो. पेढ्यांचा मोठा पुडा हृदयरोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये जातो, दुसरा वॉर्डातल्या सिस्टरांना, तिसरा लिफ्टमनलाही. ज्याने दारात दहा मिनिटांत ईसीजी काढला, गॅस नाही म्हणून ठासून सांगितलं आणि वाद घातला, त्या डॉक्टरचं नाव घरच्यांना आठवत नाही. ‘तो पोरगा होता ना, जरा उद्धट’ एवढी नोंद राहते.

तो पोरगा त्या वेळी बारा तासांची रात्रपाळी संपवून, खिडक्यांना जाड पडदे लावून, फोन उशीखाली ठेवून घरी झोपलेला असतो. सकाळी साडेदहाला बेल वाजते. दारात शेजारचे काका उभे असतात, हातात ब्लड प्रेशरचं नवं मशीन, अजून खोक्यातच.

‘झोपला होतात? बरं झालं, म्हणजे घरी सापडलात. हे मुलाने पाठवलंय, जरा लावून दाखवा. तुमचं बरं आहे हो डॉक्टर, दिवसभर सुट्टीच.’